मोबाइलवर विकलेल्या व्हिडिओचे कुलूप आणि ग्राहकाच्या खिशातली किल्ली

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोबाइलवर विकत घेतलेल्या दोन वस्तू रोज एकाच फोनमधून प्रवास करतात. एक म्हणजे रेल्वेच्या अ‍ॅपवर काढलेले तिकीट आणि दुसरी म्हणजे आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवलेला वेब मालिकेचा भाग. दोन्हींचे पैसे फोनवरूनच चुकते झालेले असतात आणि दोन्हींची नक्कल होऊ नये अशीच विकणाऱ्याची इच्छा असते. तरीही तिकिटाची नक्कल रोखणे बरेच सोपे आहे आणि मालिकेच्या भागाची नक्कल पूर्णपणे रोखणे जवळजवळ अशक्य आहे.

याचे कारण असे की तिकीट म्हणजे प्रवास नव्हे, ती प्रवासाच्या हक्काची खूण आहे. खरी नोंद रेल्वेच्या सर्व्हरवर असते, आणि म्हणूनच तिकीट तपासनीस स्क्रीनशॉट ग्राह्य न धरता अ‍ॅप उघडून तिकीट दाखवायला सांगतो. खुणेच्या शंभर नकला काढल्या तरी नोंद एकच राहते. मालिकेच्या भागाचे तसे नाही. त्याची नक्कल हाती आली की वस्तूच हाती आली. ती पाहण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही आणि ती खरी आहे का, हे तपासायला कोणी डब्यात येत नाही. शिवाय कॅसेटवरून कॅसेट उतरवताना दर वेळी आवाज थोडा खराब होत असे, आणि चौथ्या-पाचव्या नकलेपर्यंत गाण्यापेक्षा खरखर अधिक ऐकू येई. डिजिटल फाइलची हजारावी नक्कलही पहिल्या प्रतीइतकीच शुद्ध असते आणि ती काढायला काही सेकंदांपलीकडे खर्च येत नाही.

यात भर म्हणून एक मूलभूत पेच आहे. माहिती सांकेतिक रूपात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, पाठवण्याच्या नेहमीच्या व्यवहारात तीन पक्ष असतात: पाठवणारा, घेणारा आणि मधेच कान लावून बसलेला तिसरा. किल्ली पहिल्या दोघांकडे असते आणि तिसऱ्याकडे नसते, एवढ्यावर सगळी सुरक्षितता उभी असते. डच भाषातज्ज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलेले तत्त्व आजही प्रमाण मानले जाते: यंत्रणेची सगळी रचना शत्रूला ठाऊक झाली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. चित्रपट किंवा व्याख्यान विकताना मात्र घेणारा आणि तिसरा हे दोघे एकच माणूस असू शकतात. पैसे भरलेल्या ग्राहकाला व्हिडिओ दिसला पाहिजे, म्हणून किल्ली त्याच्या फोनपर्यंत पोहोचलीच पाहिजे. आणि तो नक्कल करू शकतो, म्हणून ती त्याच्या हाती लागता कामा नये. गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्रात जे काही घडले, ते किल्ली फोनमध्ये असूनही फोनच्या मालकाला दिसू नये यासाठीच्या खटपटीतून घडले आहे.

रिंगटोनच्या काळातील धडा

मोबाइलवर करमणूक विकण्याची सुरुवात रिंगटोन आणि वॉलपेपर यांपासून झाली. तेव्हा ब्लूटूथ आणि इन्फ्रारेडने एका फोनमधले गाणे दुसऱ्या फोनमध्ये देणे हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा नित्याचा उद्योग होता, आणि विकत घेतलेले रिंगटोन अशा रीतीने वर्गभर पसरू लागले की विकणाऱ्याचा धंदा एका प्रतीवरच संपत असे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ओपन मोबाइल अलायन्स या उद्योगसंघाने यावर पहिले सामाईक मानक तयार केले. त्यातील सर्वांत साध्या पद्धतीत फाइलला ‘पुढे पाठवू नये’ अशी खूण जोडलेली असे आणि फोन ती खूण पाहून ‘पाठवा’ हा पर्यायच बंद करत असे. यात गाणे सांकेतिक केलेले नसे. सगळा भरवसा फोनच्या आज्ञाधारकपणावर होता. दुसऱ्या पद्धतीत फाइलसोबत अटीही येत, उदाहरणार्थ इतक्या वेळा वाजवा किंवा अमुक तारखेपर्यंत वाजवा.

तिसरी पद्धत मात्र दूरदर्शी होती. तिच्यात गाण्याची फाइल सांकेतिक करून मोकळी सोडली जाई, ती कोणीही कोणालाही पाठवावी, आणि वाजवण्यासाठी लागणारी किल्ली व अटी यांचा परवाना वेगळ्या मार्गाने, पैसे भरल्यावरच फोनवर येई. वस्तू एका वाटेने आणि हक्क दुसऱ्या वाटेने, ही विभागणी तिथे रूढ झाली आणि आजच्या प्रत्येक ओटीटी अ‍ॅपच्या पोटात तीच आहे.

त्याच काळात भारतात कॉलर ट्यूनचाही मोठा बोलबाला झाला, आणि नकलेच्या दृष्टीने तो प्रकार फार बोलका आहे. कॉलर ट्यून ग्राहकाच्या फोनमध्ये कधी येतच नसे. ती मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत राही, फोन करणाऱ्याला तिथूनच ऐकू येई आणि महिन्याचे पैसे शिलकीतून कापले जात. हातात न आलेल्या वस्तूची नक्कल कोण करणार? संगीत कंपन्यांना त्या वर्षांत कॉलर ट्यूनचे इतके प्रेम का होते, याचे अर्धे उत्तर यात आहे. बाकीचे अर्धे उत्तर असे की अनेकांना ती बंद कशी करायची हेच समजत नसे.

‘प्ले’ दाबल्यावर काय होते

आता वर्तमानात येऊ. पैसे भरलेल्या चित्रपटावर आपण बोट ठेवतो तेव्हा दोन-तीन सेकंदांत जे घडते ते सावकाश पाहण्यासारखे आहे. चित्रपट एक सलग फाइल म्हणून येत नाही. तो काही सेकंदांच्या शेकडो तुकड्यांत कापलेला असतो, प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत तयार असतो आणि सगळे तुकडे एईएस या पद्धतीने सांकेतिक केलेले असतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये स्वीकारलेली ही पद्धत बँकांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सर्वत्र वापरली जाते. तिची १२८ बिटांची किल्ली अंदाजाने शोधायची म्हटली तर शक्य पर्यायांची संख्या ३९ आकडी होते, त्यामुळे कुलूप फोडण्याच्या वाटेला कोणी जात नाही. जो जातो तो किल्लीच्या मागे जातो.

हे सांकेतिक तुकडे मूळ कंपनीच्या सर्व्हरवरून थेट येत नाहीत. ते ग्राहकाच्या जवळपासच्या साठवण-सर्व्हरवर आधीच उतरवून ठेवलेले असतात. नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एमआयडीसीच्या जुन्या कारखान्यांच्या शेजारी ज्या बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, ती डेटा सेंटर असून असे सर्व्हर त्याच प्रकारच्या इमारतींत असतात. तिथले तुकडे एखाद्याने चोरले तरी त्याच्या हाती अर्थहीन आकडेच लागतात, म्हणून एकच सांकेतिक प्रत लाखो ग्राहकांना निर्धास्तपणे देता येते. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत करायची असती तर हा सगळा धंदाच परवडला नसता.

तुकड्यांबरोबर किल्लीचा फक्त क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन फोन परवाना देणाऱ्या सर्व्हरकडे विनंती पाठवतो आणि त्या विनंतीवर स्वतःची सही करतो. ही सही करण्याची क्षमता फोनच्या आत जपलेल्या गुप्त किल्लीतून येते, आणि त्या किल्लीचे मूळ कारखान्यातच फोनमध्ये बसवलेल्या ओळखीत असते. सर्व्हर तीन प्रश्न तपासतो: हा फोन खरा आहे का, या खात्याने पैसे भरले आहेत का आणि या फोनची सुरक्षा-पातळी कोणती आहे. उत्तरे समाधानकारक असली तर चित्रपटाची किल्ली केवळ त्याच फोनला उघडता येईल अशा वेष्टनात घालून परत पाठवली जाते. सोबत अटी असतात. भाड्याने घेतलेला चित्रपट सुरू केल्यापासून ४८ तासांत संपवावा, अशी अट बऱ्याच ठिकाणी आढळते. आणि फोनची तारीख मागे नेऊन ही मुदत वाढवता येऊ नये, म्हणून ग्राहकाला बदलता न येणाऱ्या वेगळ्या घड्याळाचा आधार घेतला जातो.

अँड्रॉइड फोनवर हे काम वाइडव्हाइन ही यंत्रणा करते. ती मूळची वेगळी कंपनी होती आणि २०१० मध्ये गूगलने ती विकत घेतली. अ‍ॅपलची फेअरप्ले आणि मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी या तिच्या बहिणी आहेत. वाइडव्हाइनच्या पातळ्यांपैकी सामान्य ग्राहकाच्या अनुभवाला येतात त्या एल-१ आणि एल-३. एल-१ मध्ये प्रोसेसरचा एक कोपरा उर्वरित फोनपासून तोडून राखून ठेवलेला असतो. किल्ली तिथेच उघडते, चित्र तिथेच उलगडते आणि तिथून संरक्षित मेमरीच्या वाटेने थेट पडद्यावर जाते. फोनची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा त्या कोपऱ्यात डोकावू शकत नाही, आणि म्हणूनच स्क्रीन रेकॉर्डर लावला तर आवाज येतो पण चित्राच्या जागी काळा चौकोन नोंदला जातो. एल-३ मध्ये असा राखीव कोपरा नसतो. सगळे काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये, पण मुद्दाम गुंतागुंतीच्या करून ठेवलेल्या आज्ञावलीत चालते. अशा फोनला बहुतेक सेवा एचडी चित्र देतच नाहीत. ४८०पीच्या आसपासच थांबवतात. २०१७ मध्ये एका नामांकित कंपनीचे महागडे फोन एल-३ घेऊनच बाजारात आले होते, आणि एल-१ हवे असलेल्या ग्राहकांना पुढे आपला फोन कंपनीकडे पाठवून द्यावा लागला, कारण ती ओळख घरबसल्या अपडेटने आत बसवता येत नव्हती.

कुलूप कुठे निसटते

एल-३ ची गुंतागुंत एका संशोधकाने उलगडल्याचे जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाले, आणि त्याचे फारसे आश्चर्य कोणाला वाटले नाही. जी गोष्ट फोनच्या मालकाच्या ताब्यातील मेमरीत घडते, ती पुरेसा वेळ आणि चिकाटी असलेल्याला कधी ना कधी दिसते. दूरचित्रवाणी संच आणि त्याला केबलने जोडलेले उपकरण यांच्यामधील एचडीसीपी या संरक्षणाची मूळ किल्ली २०१० मध्ये उघड झाली होती, आणि त्याआधी १९९९ मध्ये डीव्हीडीचे कुलूप निघाले होते. या सगळ्या प्रसंगांत एक समान धागा आहे. हजार फोन सुरक्षित असून उपयोग नसतो. एकाच ठिकाणी कुलूप निघाले आणि उघडी फाइल टेलिग्रामवर गेली की बाकीच्या हजारांना काही फोडावेच लागत नाही.

आणि सर्वांत भक्कम यंत्रणेलाही एक भोक राहतेच. चित्र शेवटी डोळ्यांना दिसायला हवे आणि आवाज कानांना ऐकू यायला हवा. त्यामुळे एका फोनवर चित्रपट लावून दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपणे कोणत्याही सांकेतिकीकरणाने थांबत नाही. प्रत थोडी वाकडी येते, रंग उतरतात, आवाजात पंख्याची घरघर मिसळते. तरीही गणिताचे व्याख्यान ऐकायला किंवा क्रिकेटचा सामना पाहायला ती पुरते.

त्यामुळे या क्षेत्रातील जाणत्या मंडळींनी ‘नक्कल होऊच नये’ हे ध्येय केव्हाच सोडले आहे. माझ्या मते ते सोडणे योग्यच आहे, कारण विकाऊ वस्तूचे मोल बहुधा काळाशी बांधलेले असते. थेट प्रक्षेपित सामन्याची किंमत सामना संपताच गळून पडते, चित्रपटाची मोठी कमाई पहिल्या काही दिवसांत होते आणि दहावीच्या सराव-व्याख्यानांना परीक्षेनंतर गिऱ्हाईक उरत नाही. तेवढा काळ नक्कल अवघड, कमी दर्जाची आणि शोधायला कटकटीची राहिली, तर कुलपाचे पैसे वसूल होतात.

कोणाची प्रत फुटली, हे शोधण्याची युक्ती

रोखता येत नसेल तर निदान उगम कळावा, या विचारातून अदृश्य ठशांचे तंत्र आले, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयात हेच सर्वांत देखणे वाटते. चित्रपटाच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन आवृत्त्या करतात. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. दोन्हींत डोळ्यांना न जाणवणारा सूक्ष्म फरक असतो, जसे की काही ठिपक्यांच्या उजेडात किंचित चढउतार. प्रत्येक ग्राहकाला तुकडे पाठवताना सर्व्हर अ आणि ब यांची निराळी मालिका निवडतो. एकाला ‘अ ब ब अ’, दुसऱ्याला ‘ब अ ब ब’, याप्रमाणे. फुटलेली प्रत हाती लागली की प्रत्येक तुकडा अ आहे की ब हे पडताळायचे, आणि मालिका ज्याच्या खात्याशी जुळते तो ग्राहक सापडतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की साठवायच्या प्रती दोनच. ओळख मात्र प्रत्येकाची स्वतंत्र.

हे किती पुरते, याचा हिशेब करून पाहू. एका तुकड्यात दोन पर्याय, दोन तुकड्यांत चार, दहा तुकड्यांत १,०२४ आणि २१ तुकड्यांत २०,९७,१५२. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे तुकडा सहा सेकंदांचा धरला तर दोन मिनिटे आणि सहा सेकंदांच्या व्हिडिओत, तत्त्वतः, अख्ख्या ठाणे शहरातील प्रत्येक माणसाला वेगळी प्रत देता येते. प्रत्यक्षात याहून बरीच अधिक लांबी लागते, कारण दुसऱ्या फोनने टिपलेल्या, कडा कापलेल्या, पुन्हा आकुंचित केलेल्या प्रतीत काही तुकडे नीट ओळखू येत नाहीत, आणि शिक्षा चुकीच्या माणसाला होऊ नये म्हणून तीच ओळख पुनःपुन्हा पेरावी लागते.

चोरही हुशार असतो. दोन-तीन जणांनी आपापल्या प्रती समोरासमोर ठेवल्या तर जिथे फरक आहे तिथे ठसा आहे, हे त्यांना कळते. मग ते तुकड्यांची सरमिसळ करून कोणाशीच न जुळणारी प्रत तयार करू शकतात. यावर गणितज्ञांनी उत्तर शोधले आहे. हंगेरीचे गाबोर तार्दोश यांनी २००३ मध्ये मांडलेल्या संकेतांत मालिका अशा रीतीने निवडलेल्या असतात की सरमिसळ केलेल्या प्रतीतही कटातील किमान एकाचा मागमूस राहतो. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत म्हणजे लांबी: कट करणाऱ्यांची संख्या दुप्पट धरली की संकेत साधारण चौपट लांब करावा लागतो. अडीच तासांच्या चित्रपटात ती चैन परवडते, तीस सेकंदांच्या रीलमध्ये नाही.

शिकवणी अ‍ॅपवर व्याख्यानाच्या मध्यावरून विद्यार्थ्याचा मोबाइल क्रमांक फिकट अक्षरांत तरंगत जातो, तो याच कुळातला साधा प्रकार. तो जागा बदलत राहतो, कारण एकाच कोपऱ्यात राहिला असता तर तेवढा कोपरा कापून टाकणे सोपे झाले असते. त्यात गणित फारसे नाही. पण स्वतःचा क्रमांक दिसणारा व्हिडिओ पुढे पाठवताना माणूस थबकतो, एवढा परिणाम पुष्कळ ठिकाणी पुरेसा होतो.

छोट्या विक्रेत्याने काय करावे

आतापर्यंतचे वर्णन मोठ्या कंपन्यांचे झाले. ठाण्यातील नौपाड्यात दहावी-बारावीच्या गणिताचा क्लास चालवणाऱ्या आणि आपली व्याख्याने मोबाइलवर विकू पाहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेची गोष्ट वेगळी असते. तिच्यासारख्या विक्रेत्यांकडून नेहमी आढळणारी पद्धत अशी: व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून चढवायचे, यूपीआयने पैसे आले की व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवायचा. अनलिस्टेड याचा अर्थ शोधात न दिसणारा एवढाच. दुवा ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकाला तो व्हिडिओ दिसतो. पासवर्ड घातलेल्या पीडीएफचेही तेच होते, कारण फाइल आणि पासवर्ड एकाच संदेशात पुढे जातात. ही चोरी होण्याची वाट नव्हे, तो राजरस्ताच आहे.

तिच्यासाठी खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयोगी पडेल अशी गोष्ट कोणती, असे मला विचारले तर मी भारी कुलपाचे नाव आधी घेणार नाही. आधी पैसे भरल्याची शहानिशा कुठे होते ते पाहावे. अनेक स्वस्त अ‍ॅपांत ‘या माणसाने पैसे भरले आहेत’ हा निर्णय फोनमधील अ‍ॅपच घेते; असे अ‍ॅप उघडून, तेवढी एक ओळ बदलून, नव्याने बांधलेली ‘सगळे मोफत’ आवृत्ती पसरायला वेळ लागत नाही. हा निर्णय विक्रेत्याच्या सर्व्हरवर झाला पाहिजे आणि पावतीची खातरजमा त्या सर्व्हरने अ‍ॅप स्टोअरकडे किंवा पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडे थेट केली पाहिजे. त्यानंतर व्हिडिओचा दुवा दर वेळी नवा, थोड्या मिनिटांत बाद होणारा आणि त्या खात्यापुरता असावा. एका खात्यावर एका वेळी एकच फोन चालावा. इतके झाले आणि त्यावर तरंगता क्रमांक आला की क्लासपुरता प्रश्न बव्हंशी सुटतो. वाइडव्हाइनसारखी सोय भाड्याने देणाऱ्या व्हिडिओ सेवा आहेत. व्याख्यानांची विक्री मोठी असेल तर त्यांचा विचार करावा.

पुस्तकांच्या बाबतीत मी याहून सौम्य मताचा आहे. दिवाळी आली की दिवाळी अंकांच्या पीडीएफ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतात, आणि पाठवणाऱ्याला आपण साहित्यसेवा करत आहोत असेच मनापासून वाटत असते. अशा वाचकासमोर जाडजूड कुलूप लावून उपयोग नाही, कारण मजकूर टाइप करूनही नक्कल होते. प्रत्येक पानाच्या तळाशी विकत घेणाऱ्याचे नाव छापणे, किंमत वडापाव-चहाच्या हिशेबात ठेवणे आणि पैसे भरल्यापासून पान उघडेपर्यंतचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आणणे, यांचा परिणाम अधिक होतो. फुकट पीडीएफ शोधण्यात जितका वेळ जातो त्यापेक्षा विकत घेणे लवकर होत असेल, तर बरेच लोक विकत घेतात.

पैसे भरणाऱ्यालाच होणारा जाच

कुलपाचा खरा त्रास नकला करणाऱ्याला होत नाही, कारण त्याच्याकडे उघडी फाइल असते. तो होतो पैसे भरलेल्याला. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारे सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरून लपून बसत असे आणि त्याने संगणकच असुरक्षित होई. प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलवर विकल्या गेलेल्या काही पुस्तकांच्या प्रती, त्या प्रकाशकाला हक्कच नव्हते असे लक्षात आल्यावर, ग्राहकांच्या उपकरणांतून दुरूनच पुसून टाकल्या, आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पैसे परत दिले, पण विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. परवान्याचा सर्व्हर बंद पडला की किल्ली मिळत नाही, आणि किल्ली नसली की फोनमधली फाइल कुचकामी.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९३ ची आहे, आणि अशी वाचनालये उभी राहिली ती विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्याला वाचायला देण्याच्या साध्या मुभेवर. ई-पुस्तकाच्या परवान्यात ती मुभा सहसा नसते. शेजाऱ्याला वाचायला देणे किंवा वडिलांचा संग्रह देणगी देणे त्यात बसत नाही. अंध वाचकांची अडचण तर अधिक टोकदार आहे, कारण कडक कुलूप मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही अडवू शकते. या वाचकांसाठी सुलभ रूपात प्रत करण्याची मोकळीक भारतीय कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीत दिली आहे, आणि त्याच हेतूच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता.

संगीताच्या व्यवसायाने हा अनुभव सर्वांत आधी घेतला. २००३ मध्ये सुरू झालेल्या आयट्यून्सच्या दुकानात गाण्यांना कुलूप होते, आणि २००९ मध्ये अ‍ॅपलने ते काढून टाकण्याची घोषणा केली. पुढे महिन्याच्या वर्गणीवर गाणी ऐकण्याचा जमाना आला आणि कुलूप पुन्हा आले, पण तेव्हा कोणी कुरकुर केली नाही, कारण गाणे आपल्या मालकीचे आहे असा समजच उरला नव्हता.

कायद्याचा हात कुठवर पोहोचतो

भारतात कॉपीराइट अधिनियम १९५७ चा असून २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते कलम सांगते. त्यातील ‘हेतूने’ या अटीला महत्त्व आहे: सांकेतिकीकरणाच्या संशोधनासाठी किंवा कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी कुलूप उघडणे त्यात गुन्हा ठरत नाही. प्रत्यक्ष हक्कभंगासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. चित्रपटगृहात बसून चित्रीकरण करणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात वेगळी आणि दंडाच्या बाबतीत अधिक कडक तरतूद झाली. महाराष्ट्रात तर वृत्तपत्रांतून ज्याचे नाव तडीपारी-स्थानबद्धतेच्या बातम्यांत वाचायला मिळते, त्या १९८१ च्या एमपीडीए कायद्यात हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्ती यांच्या रांगेत व्हिडिओ पायरेटही २००९ पासून जाऊन बसला आहे. राज्याच्या सायबर विभागाचे मुख्यालय आता नवी मुंबईत महापे येथे आहे, म्हणजे योगायोगाने त्याच डेटा सेंटरच्या पट्ट्यात.

नौपाड्याच्या शिक्षिकेला या सगळ्यांतून अधिक उपयोगी पडतील त्या दोन गोष्टी. पहिली, दिल्ली उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा आदेश: एका शिक्षिकेची व्याख्याने परवानगीशिवाय पसरवणाऱ्या टेलिग्राम चॅनेलांमागे कोण आहे, ती माहिती कंपनीने द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. आमचा सर्व्हर परदेशात आहे, हे कारण तिथे चालले नाही. दुसरी म्हणजे कॉपीराइट नियम, २०१३ मधील तक्रारीची तरतूद. फुटलेली प्रत जिथे ठेवली आहे त्या सेवेला हक्कधारकाने लेखी तक्रार दिली, त्यात मूळ कृतीचे वर्णन, आपला हक्क असल्याचा तपशील आणि चोरीच्या प्रतीचा नेमका पत्ता दिला, की त्या सेवेने ३६ तासांत ती प्रत बंद करायची असते. मात्र ही बंदी २१ दिवसांची आहे. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर सेवा ती प्रत पुन्हा खुली करू शकते. या २१ दिवसांत वकिलाच्या हाती काय द्यायचे, हे विक्रीच्या दिवशीच ठरलेले असते: कोणत्या तारखेला, कोणत्या खात्याला, कोणत्या क्रमांकाच्या ठशाची प्रत दिली याची सर्व्हरवरची नोंद आणि मूळ चित्रीकरणाच्या तारखेसह जपलेल्या फाइली.